मृग धरून अगस्त्य, हस्त धरून त्रिशंकू

रब्बीत रात्रीची लाइट आली की घनसावंगीच्या शिवारात माणसं गव्हाला दारं धरायला निघतात. वाफा भरेपर्यंत खोऱ्यावर टेकून उभं राहायचं असतं. तेवढ्यात बॅटरी विझवून दक्षिणेकडे, गोदावरीच्या अंगाला पाहावं.

आपल्या वाट्याचं आकाश

घनसावंगीचा अक्षांश साधारण साडेएकोणीस अंश उत्तर. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या जवळपास तेवढाच वर दिसतो आणि आकाशाचा दक्षिण ध्रुव तेवढाच जमिनीखाली राहतो. त्याच्याभोवतीचा भाग सोडला, तर दक्षिणेचं बाकी सगळं आकाश वर्षभरात आपल्यासमोरून जातं. त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा दिल्लीहून कधीच दिसत नाही; आपल्याला दिसतो.

हिवाळ्यात मृग

मृगाचा पाऊस जूनमध्ये, मृगाचे तारे मात्र हिवाळ्यात. सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्याच्या नावानं आपण पाऊस ओळखतो आणि नेमकं तेव्हा ते नक्षत्र सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं. त्यामुळे नावं सगळ्यांच्या तोंडी, पण तारे ओळखणारे थोडे. याची मला फार हळहळ वाटते.

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊला मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण उंचावर असतो. त्याची रेषा खाली डावीकडे वाढवली की व्याध. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. व्याधापासून साडेतीन मुठी खाली या: तो अगस्त्य, क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर. रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल तेजस्वी हाच. व्याधाचा उजेड साडेआठ वर्षांत पोचतो, अगस्त्याचा तीनशेहून अधिक वर्षांत.

उन्हाळ्यात हस्त

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नऊच्या सुमारास हस्ताचा पंजा दक्षिणेला येतो. त्याच्या खालच्या ताऱ्यांपासून पुन्हा साडेतीन मुठी उतरा. त्रिशंकूचा वरचा तारा सापडेल. खालचा जमिनीपासून मूठभरही वर नसतो, म्हणून झाडं आड येणार नाहीत अशी जागा हवी.

उजवीकडे त्रिशंकूसारखाच, पण मोठा आणि मंद चौकोन दिसतो. पुष्कळ जण तिथं फसतात. खूण अशी, की खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असतात. नऊला ते अगदी खाली असतात. अकरापर्यंत मित्र वर येतो. त्याचं अंतर फक्त 4.4 प्रकाशवर्षं.

अमावास्येच्या आसपासची रात्र धरा, आणि जूनचे ढग यायच्या आत.