हरिश्चंद्राचा कारखाना

हरिश्चंद्राची कथा कोणास ठाऊक नाहीं? राज्य गेलें, राणी दासी झाली, पुत्र सर्पदंशानें मरण पावला. परंतु याच दुःखी राजघराण्यावर दादासाहेब फाळके यांनीं चित्रपट काढावयास घेतला, तेव्हां पडद्यामागें जें घडलें तें ऐकून गंभीर माणसासही हसूं यावें.

१९१२ सालीं विम्याचीं कागदपत्रें गहाण टाकून फाळके विलायतेस गेले, आणि चित्रपटाची विद्या शिकून परतले. दादरच्या घरीं काम सुरू झालें, आणि पहिली अडचण पडली ती राणीचीच. कुलीन स्त्रियांनीं यंत्रापुढें उभें राहणें त्या काळीं अशक्यच. पण नाचगाण्याच्या पेशांतील स्त्रियांनींही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांतील आचारी अण्णा साळुंके हे तारामती झाले. त्यांचा दहा रुपयांचा पगार पंधरा झाला, आणि चुलीपुढील हात राजवाड्यांत शोभूं लागले. स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांच्या मिशांचा प्रश्न मात्र याहून बिकट. वडील हयात असतां मिशी उतरवावी कशी? मुलांची आणि त्यांच्या वडिलांचीही समजूत घालतां घालतां फाळके टेकीस आले.

सिनेमांत काम करणें हलकें मानलें जाई. म्हणून कोणी विचारलें तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यांत नोकरी आहे’ असें सांगावें, ही युक्ति फाळक्यांनीं नटांना शिकविली. परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं याच हकीकतीवर काढलेल्या विनोदी चित्रपटाचें नांव त्यावरूनच पडलें.

वांगणीस बाहेरचीं दृश्यें घेण्याकरितां मंडळी फाळक्यांच्या आधीं पोंचली. ढालतरवारी पाहून गांवकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले, आणि फौजदारानें सर्वांना अडकवून ठेवलें. फाळक्यांनीं येऊन, यंत्रांत फीत न घालतांच एक प्रवेश करून दाखविला, तेव्हां सुटका झाली.

परंतु येथेंच हसूं ओसरतें. पडद्यावर मरणाऱ्या रोहिदासाच्या भूमिकेसाठीं कोणीही आपला मुलगा देईना, म्हणून फाळक्यांनीं स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. तो खेळतां खेळतां खडकावर पडला. डोक्यांतून रक्त वाहूं लागलें. उपचार झाले, काम पुढें ढकलावें असेंही सुचविण्यांत आलें. पण फाळक्यांनीं बेशुद्ध मुलावरच रोहिदासाच्या मृत्यूचें दृश्य घेतलें. सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक करून फितीच्या कामासही हातभार लावीत होत्या. सत्त्वपरीक्षा केवळ पुराणांतील राजाचीच झाली असें नाहीं.

३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशनमध्यें हा ३७०० फूट लांबीचा मूकपट लागला. सोबत नाच, हास्यप्रवेश आणि पायांनीं वस्तु झेलणाऱ्या कसरतपटूचे खेळही होते. संस्कृत नाटकांत राजाशेजारीं विदूषक असावयाचा. या राजाचा विदूषक पडद्याबाहेर राहिला, एवढेंच. शेवटीं मात्र शंकर प्रसन्न होतात, पुत्र उठतो, आणि घराणें पुन्हां नांदूं लागतें.

लहानपणीं हरिश्चंद्राचें नाटक पाहून गांधीजींनीं मनाशीं तोच खेळ अगणित वेळां केला, असें त्यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. १९३६ सालीं तेच वर्धा जिल्ह्यांतील सेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामांत, राहावयास आले. एका कथेनें एकास सत्याचा ध्यास दिला, आणि दुसऱ्याच्या चित्रपटाच्या ध्यासास विषय दिला. त्या ध्यासाची किंमत दोघांच्याही घरच्या माणसांना मोजावी लागली.