ज्याचा वाटा त्याला

दिवाळीच्या सुटीत मिठबावला गेलो होतो. किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. दोरीला हात लावणाऱ्या पोरासोरांच्या हातावरही चार मासे पडतात, ही आमच्याकडची जुनी रीत. माझा पाच वर्षांचा मुलगा शेजारच्या धाकट्या पोराबरोबर दोरीला लोंबकळला. मासे मिळाले आणि याने त्याचा बांगडा हिसकावला.

मी चारचौघांत त्याचा कान पिरगाळला. "एकदा सांगितलेलं कळत नाही?" बांगडा परत गेला. संध्याकाळी खळ्यात पाहतो तर चिरंजीव त्याच पोराचा कान धरून उभे, आणि तोंडी माझेच वाक्य! धडा मिळाला होता खरा. फक्त तो वाटणीचा नव्हता.

आईने त्याला जवळ घेतले. "झिला, सकाळी तुझो कान दुखलो मां? तेचोय तसोच दुखता." ती रागावली नाही, पण त्याला सोडलेही नाही. त्या पोराची समजूत काढल्यावरच पुढचा खेळ सुरू झाला.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियातील बालवाडीच्या मुलांचे वागणे आणि त्यांच्या पालकांच्या रीती ताडून पाहिल्या. नुसता धाक दाखवणाऱ्यांची मुले कुढी, अविश्वासू आढळली. सगळे चालवून घेणाऱ्यांच्या मुलांना स्वतःवर ताबा कमी होता. माया, ठाम नियम आणि नियमामागचे कारण हे तिन्ही जिथे होते, तिथली मुले समाधानी व स्वावलंबी दिसली. अर्थात मुलाचा मूळ स्वभावही पालकाला घडवतो, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केले, तेही मुलाला भीती न घालता शिकवावे या श्रद्धेने. माझ्या आईने यांतले काहीच वाचलेले नाही. मी वाचले होते, तरी हात कानाकडेच गेला.

त्या रात्री मुलाला म्हटले, "सकाळी मी चुकलो." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रापणीवर मात्र त्याने आपले मासे वाळूवर मांडले आणि त्या पोराला हाक मारली, "ये, मोजूया." मोजताना एक बांगडा जास्त निघाला. तो कोणाचा, यावर दोघे बराच वेळ भांडले. पण कोणाचाही हात कोणाच्या कानाला लागला नाही.