दासोपंत

(१५५१–१६१५). मराठी संतकवी व दत्तोपासक. जन्म नारायणपेठ (सध्या तेलंगणात) येथील देशपांडे घराण्यात. वडील दिगंबरपंत बीदरच्या बरीदशाहीतील वतनदार. सरकारी सारा थकल्याने दासोपंतांना ओलीस ठेवून, मुदतीत भरणा न झाल्यास त्यांचे धर्मांतर करण्याचे ठरले. दत्ताने पाडेवाराच्या रूपाने रक्कम भरून त्यांना सोडविले, अशी आख्यायिका आहे. सुटकेनंतर गृहत्याग करून ते माहूर, राक्षसभुवन या दत्तक्षेत्री राहिले व अखेर अंबाजोगाईस स्थायिक झाले. तेथेच त्यांची समाधी आहे. *गीतार्णव* ही विस्तृत गीताटीका आणि सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेली *पंचीकरण* ही ‘पासोडी’ या त्यांच्या प्रमुख रचना.

बीदरच्याच राजकुळातील मानले जाणारे मुंतोजी बामणी यांनी स्वेच्छेने कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्यत्व पत्करून मराठीत अध्यात्मपर ग्रंथ लिहिले. दासोपंतांचा धर्म बदलला नाही; परंतु जन्माने लाभलेला व भयाने हिरावला जाऊ पाहणारा धर्म त्यांनी साधनेने नव्याने मिळविला. मार्ग भिन्न असले, तरी दोघांच्याही बाबतीत निर्णायक ठरला तो सत्तेचा हुकूम नव्हे, तर साधकाचा स्वतःचा शोध होय.