उष्ण प्रदेशातील कृष्णधवल छायाचित्रण : रसायने व फिल्म यांतील अपेक्षित सुधारणा (विशेष संदर्भ : शिरपूर परिसर)

डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारानंतर कृष्णधवल फिल्म इतिहासजमा होईल असे मानले गेले. तसे झाले नाही. इलफर्ड, कोडॅक व फोमा यांच्या फिल्म आजही मिळतात. फिल्मच्या सुधारणेची चर्चा बहुधा सूक्ष्म कण आणि वाढती संवेदनक्षमता यांभोवती फिरते. शिरपूरसारख्या गावी अंधारखोलीत काम करणाऱ्याची गरज मात्र निराळी आहे. उन्हाळ्यातले पाणी सोसणारी फिल्म आणि थोड्या पाण्यात निघून जाणारा हायपो त्याला हवा आहे.

डेव्हलपरसाठी प्रमाण तापमान २०° सेल्सिअस मानतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४०° च्या वर जातो आणि गच्चीवरील टाकीचे पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यात विकासनाचा वेळ घटतो. तो पाच मिनिटांखाली गेला की निगेटिव्ह असमान उमटण्याचा धोका असतो. जिलेटिन फुगून मऊ पडते आणि एकदम थंड पाण्यात गेल्यास त्यावर जाळीदार सुरकुत्या पडतात. ट्रेभोवती बर्फ ठेवणे हा घरगुती उपाय झाला. रासायनिक उपायही जुनाच आहे : डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचे फुगणे रोखणे, नंतर क्रोम तुरटीच्या द्रावणात किंवा तुरटीयुक्त फिक्सरमध्ये ते कठीण करणे.

खरी अडचण येथेच आहे. तुरटीने कठीण झालेल्या थरातून हायपो सावकाश निघतो, म्हणजे उष्णतेवरचा उपाय पाण्याचा खर्च वाढवतो. साध्या कागदावरील प्रतीला एरवीही वाहत्या पाण्यात तासभर धुवावे लागते. ज्या तालुक्यात भूजल खोल गेल्यामुळे २००४ पासून सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली जलसंधारणाचा ‘शिरपूर पॅटर्न’ उभा राहिला, तेथे हा खर्च क्षुल्लक म्हणता येत नाही. धुण्यात काटकसर केल्यास उरलेला हायपो प्रतिमेतील चांदीचे सल्फाइड करतो. चित्र पिवळसर तपकिरी होऊन फिकटते. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या टेबल-टॉप छायाचित्रांपासून घरोघरच्या लग्नाच्या फोटोंपर्यंत चांदीवर उमटलेल्या प्रत्येक चित्राचे आयुष्य या धुण्यावर अवलंबून असते.

इलफर्डने सुचविलेल्या पद्धतीत टाकी तीनदा भरून अनुक्रमे पाच, दहा व वीस वेळा उलटसुलट केली की फिल्म धुतली जाते. पण ती कठीण न करणाऱ्या फिक्सरसाठीच आहे. म्हणून थर कारखान्यातच पुरेसा कठीण झालेला असावा, ही पहिली अपेक्षा. ती अवास्तव नाही. रंगीत निगेटिव्हची सी-४१ प्रक्रिया सुमारे ३८° ला होते आणि तिचे जिलेटिन ते सोसते. कृष्णधवल फिल्मसोबत ३०° ते ३५° साठी संथ डेव्हलपर व त्याचे वेळापत्रक मिळाले, तरी निम्मे काम होईल. कागदी प्रतींसाठी सोडियम सल्फाइटच्या सौम्य द्रावणाची आंघोळ पाणी वाचवते; ती स्वस्त असूनही उपेक्षित राहिली आहे.

डेव्हलपरविषयी थोडेसे. मेटॉलमुळे काहींच्या हाताला त्वचाविकार होतो. फेनिडोन आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, यांची जोडी तुलनेने निर्धोक आहे. कोडॅकचा एक्सटॉल (१९९६) त्याच जातीचा. मात्र पाण्यातील लोह वा तांब्याच्या अंशाने असे द्रावण रंग न बदलता निकामी होऊ शकते, तेव्हा कूपनलिकेच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे लागते. तोपर्यंत एका वेळेपुरत्या लहान पुड्या अधिक सोयीच्या.

१९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना उटीच्या थंड हवेत होता आणि त्याची ‘इंदू’ फिल्म मैदानी उन्हाळ्यात धुतली जाई. तो आता बंद आहे, त्यामुळे या मागण्या परदेशी उत्पादकांकडेच कराव्या लागतील. धुणे पुरेसे झाले की नाही, हे मात्र येथेच तपासता येते. ॲसेटिक आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब ओल्या प्रतीच्या कोऱ्या काठावर टाकून दोन मिनिटे थांबावे. डाग जितका गडद, तितका हायपो शिल्लक. ही दोन्ही रसायने महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत असतातच.