साठ की आठ? इंटरनेट फोनच्या कोडेक सेटिंगचा हिशोब

सेटिंग कुठे बदलायची ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे ती का बदलायची, ते सांगतो.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान साताऱ्यात. खाली दुकान, वर घर. दुकानाचा फोन घरच्याच फायबर नेटवर, एका छोट्या ॲडाप्टरला जोडलेला. सांगलीच्या एका हळद पॅकिंगवाल्यांनी ऐन हंगामात फोनवर पाऊचची ऑर्डर दिली, साठ किलो. आमच्याकडे ऐकू आलं आठ किलो. आठ किलो माल गेला, तिकडे मशीन थांबलं, कामगार बसून राहिले. दुसऱ्या खेपेचं भाडं मी भरलं, पण गिऱ्हाईकाचा गेलेला दिवस कुठून भरून देणार?

चूक कुठे होती?

ॲडाप्टर बसवणाऱ्याने "नेट वाचतं" म्हणून जी.७२९ हा कोडेक पहिल्या नंबरवर ठेवला होता. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत. जी.७११ आवाज जवळपास जसाच्या तसा पाठवतो, सेकंदाला ६४ किलोबिट. जी.७२९ आवाजाचं फक्त वर्णन पाठवतो, ८ किलोबिटमध्ये. पलीकडचा माणूस मोबाइलवर असेल तर वाटेत आवाजाचं पुन्हा रूपांतर होतं आणि तो आणखी घासला जातो.

बचत खरंच किती?

आमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या पाकिटांतून जातो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटाचं खोकं ४० बाइटचं. जी.७२९ मध्ये आतला माल फक्त २० बाइट! मालापेक्षा खोकंच जड. जी.७११ मध्ये माल १६० बाइट. खोक्यासकट हिशोब केला तर जी.७२९ ला २४ आणि जी.७११ ला ८० किलोबिट लागतात. लाइनचा थोडा खर्च वेगळा. म्हणजे ६४ विरुद्ध ८ असा आठपट फरक प्रत्यक्षात साडेतीन पटीच्या आतच येतो. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे १०,००० किलोबिट. त्यात ५६ किलोबिट वाचवून काय मिळवलं?

काय करायचं?

१. आधी जुन्या सेटिंगचा फोटो काढा.
२. ॲडाप्टरच्या पानावर ऑडिओ किंवा व्हॉइस विभागात कोडेकचा क्रम असतो. बाहेरच्या नंबरांसाठी जी.७११ ए-लॉ पहिला ठेवा. तो बऱ्याचदा 'पीसीएमए' नावाने दिसतो. आपल्याकडे हाच चालतो, यू-लॉ अमेरिका-जपानकडचा.
३. जी.७२९ शेवटी राहू द्या. दोन्ही टोकांना जो कोडेक मान्य असेल तोच वापरला जातो, म्हणून क्रम महत्त्वाचा.
४. 'सायलन्स सप्रेशन' बंद करा. ते चालू असलं की शब्दाची सुरुवात कधीकधी कापली जाते.
५. "एक दाबा, दोन दाबा" चालत नसेल तर डीटीएमएफ 'आरएफसी २८३३' वर ठेवा.

कंपनीने दिलेल्या राऊटरमध्येच फोनचं पोर्ट असेल तर ही पानं बहुतेकदा बंद असतात. तिथे खटाटोप करू नका, तक्रार नोंदवा.

तरी एक खरं सांगतो

जी.७११ सुद्धा साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेतो. 'स'ची सळसळ बरीचशी ४००० च्या वर असते. म्हणून 'साठ' आणि 'आठ'चा घोळ फोनवर पूर्ण जात नाही. साताऱ्याचं दुकान आणि सांगलीचं गोडाऊन दोन्हीकडे तुमचेच इंटरनेट फोन असतील तर जी.७२२ लावा. तो ७००० हर्ट्झपर्यंत जातो आणि फरक लगेच कळतो. पण दोन्ही टोकांना तो हवा.

आवाज तुटत असेल, मधले शब्दच गायब होत असतील, तर दोष बहुधा कोडेकचा नसतो. आधी वायफाय सोडून वायर लावा. मग वर घरात व्हिडिओ कॉल चालू असताना तपासा.

तपासायचं कसं? पलीकडच्याला साठ, आठ, सात, एकोणसाठ असे आकडे उलटसुलट वाचायला सांगा आणि तुम्ही लिहून काढा. एका वेळी एकच सेटिंग बदला.

आमच्याकडे आता कोडेकही बदललाय आणि सवयही. ऑर्डर घेताना आम्ही परत म्हणतो, "साठ म्हणजे सहावर शून्य ना, दादा?" त्याला नेट लागत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!