उतारूंचा एक दिवस आणि आपला धंदा

भोसरीत प्रेस पार्ट बनवणारे, चिखलीत भंगाराचा व्यापार करणारे, चाकणला कंपन्यांच्या कामगारांसाठी बस पुरवणारे आणि आम्ही, असे चौघे गेल्या हिवाळ्यात मुंबईहून जहाजाने गोव्याला गेलो. एका कंपनीने आपल्या जुन्या पुरवठादारांना दिलेली ती सहल होती. मौजमजा झालीच; पण व्यापारी माणूस कुठेही गेला तरी हिशेब मांडतोच. तो हिशेब वाचक बांधवांपुढे ठेवत आहोत.

सकाळी जहाज मुरगाव बंदराला लागले. संध्याकाळी सहाला सुटणार, पाचपर्यंत सर्वांनी वर यावे, अशी सूचना होती. किनाऱ्यावर फिरण्याचे भाडे तिकिटात धरलेले नसते. जहाजावरच्या काउंटरवर बसची सहल विकत मिळते, नाहीतर बाहेर येऊन स्वतः टॅक्सी करायची. आमच्यापैकी दोघे बसने गेले. बसमालक आणि आम्ही टॅक्सी केली.

टॅक्सीने आम्ही जुन्या गोव्यातील चर्च पाहिली आणि फोंड्याला गेलो. तेथील साफा मशीद आदिलशाहीतील, १५६० ची. जांभ्या दगडाच्या मोठ्या हौदाच्या भिंतींत कोरलेल्या कमानी पाहून त्या काळच्या पाथरवटांच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. मनासारखे पाहिले, पैसेही कमी लागले. मात्र परतताना बोरीच्या अरुंद पुलावर ट्रकांची रांग लागली आणि आमच्या तोंडचे पाणी पळाले. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते. स्वतः गेलेल्यासाठी थांबत नाही. पाचला दहा मिनिटे कमी असताना आम्ही धक्क्यावर पोहोचलो. बसमालक म्हणाले, "माल वेळेवर गेला नाही तर कंपनीची लाइन बंद पडते, तेव्हा असाच जीव टांगणीला लागतो."

बसवाल्यांचा अनुभव वेगळा. ते निर्धास्त होते. पण एका काजू व शोभेच्या वस्तूंच्या दुकानात त्यांना पाऊण तास बसवून ठेवले. भाव बाजारापेक्षा चढे. गिऱ्हाईक आणणाऱ्याचे कमिशन त्यातच धरलेले असते. म्हणजे बसचे जादा भाडे हे खात्रीचे मोल, आणि दुकानातला चढा भाव हे गिऱ्हाईक आयते मिळण्याचे मोल.

हाच धंदा कॅरिबियन बेटांवर फार मोठ्या प्रमाणात चालतो. सेंट थॉमस, सेंट मार्टिन या बेटांवर जहाजांतून उतरलेली माणसे काही तासांत खरेदी करून परततात. तेथील दागिने व घड्याळांच्या पेठेत आपल्याकडून गेलेल्या सिंधी व्यापाऱ्यांनी चांगला जम बसवला आहे. परंतु जहाज कंपन्याही हुशार. एका बड्या कंपनीने १९८६ पासून हैतीतील लाबादी हा किनारा आपल्या उतारूंसाठी भाड्याने घेतला. पुढे बहामातील एक छोटे बेट सजवून तेथेही जहाजे नेली. खाणेपिणे, खेळ, सारे कंपनीचेच. उतारूचा पैसा गावात कमी उतरतो. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्या आपल्या वर्कशॉपवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. आज बाहेर दिलेले काम कंपनी उद्या आतही करू शकते.

मग आपण काय करावे? चाकणला समुद्र नाही, पण उतारू आहेत. २००९ मध्ये येथे जर्मन कंपन्यांचे मोटार कारखाने सुरू झाले. परदेशी इंजिनिअर कामासाठी येतात, हॉटेलात राहतात आणि सुट्टीचा दिवस खोलीत काढतात. चाकणमध्येच संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढवला. कार्ल्याची लेणी, लोहगड, जुन्नर हे सारे एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. जुन्नरच्या कागदाचे पूर्वी नाव होते. तेथील कागदी कारागीर पेशवाईत पुण्याला येऊन कागदीपुऱ्यात वसले. पुण्याच्या तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडी चालते. परदेशी पाहुण्याला पिशवीत मावेल अशी, हलकी, भाव लिहिलेली वस्तू हवी असते, आणि ती घडताना पाहायला मिळाली तर तो घासाघीस करीत नाही.

सुरुवात लहान करावी. परवाना व विमा पर्यटकांच्या वाहतुकीला चालतो की नाही ते आधी पाहावे, ड्रायव्हरबरोबर थोडे इंग्रजी येणारा मुलगा द्यावा, परतण्याची वेळ कागदावर लिहून द्यावी आणि ती पाळावी. कमिशनसाठी पाहुण्याला दुकानात डांबू नये. एकदा फसलेला माणूस दहा जणांना सांगतो.

आमचे बसमालक मित्र मुंबईला उतरले तेव्हा म्हणाले, "माझ्या दोन गाड्या सुट्टीच्या दिवशी उभ्या असतात. हप्ता मात्र त्या दिवसाचाही भरावा लागतो." पुढच्या महिन्यात त्यांतली एक गाडी ते कार्ल्याला काढणार आहेत. परतण्याची वेळ त्यांनी आताच ठरवली आहे: पाच.