सहलीचेही नियोजन असावे : पाण्याच्या बागेची सहल आणि आपला खिसा



ऊस विकास अधिकाऱ्याने सहलीवर लेख लिहावा हे काहींना विचित्र वाटेल. बेणे प्रक्रिया, ठिबक, खोडवा हेच आमचे नेहमीचे विषय. पण गेले दोन-तीन उन्हाळे गट ऑफिसात खताचा डोस विचारायला आलेला सभासद जाता जाता दारात थांबतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, पोरं मोबाईलवर ते पाण्याचं पार्क बघतात अन् डोकं खातात. किती खर्च येतो हो?" या प्रश्नाला उत्तर देण्याचा आमचा अधिकार एवढाच की, या बाबतीत करायच्या होत्या तेवढ्या सगळ्या चुका आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, रविवार. आम्ही, थोरले बंधू आणि दोन शेजारी अशी चार कुटुंबे दोन भाड्याच्या जीप करून एका वॉटर पार्कला गेलो. नियोजन काही नाही. पहाटे निघायचे ठरले, निघालो आठला, पोहोचलो दुपारी साडेबाराला. रविवारचा दर जास्त असतो हे खिडकीवर कळले. मुलांची तिकिटे वयावर नसून उंचीवर असतात हेही तिथेच कळले. आमचा अकरा वर्षांचा पुतण्या पट्टीपुढे उभा राहिला आणि भरला मोठ्या माणसात! आत गेल्यावर सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते भाड्याने घ्या, लॉकर घ्या, त्याचे डिपॉझिट भरा. बाहेरचे खाणे आत नेता येत नसल्याने वहिनींनी रात्री जागून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जीपमध्येच राहिली आणि मे महिन्याच्या उन्हात खराब झाली. मालेगावहून गेलेल्या माणसांनी भाड्याचे कपडे घालावेत याची गंमत तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

वहिनींनी मात्र भाड्याचे कपडे घेतले नाहीत. सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत त्या संध्याकाळपर्यंत एका छत्रीखाली बसून होत्या. सहलीला त्यांनी डेअरीच्या दुधाच्या पैशातले पैसे घातले होते, हे आम्हाला परतताना समजले. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, लगीन व्हयनं तव्हपाईन मी कोठेच गऊ नही. आते गऊ, तं बठी राहिनू."

आणि खरा खर्च तर घरी आल्यावर कळला. त्याच दोन दिवसांत कालव्याचे आवर्तन आले होते. पाळीवर दार धरायला घरी कोणी नव्हते. बंधूंच्या दोन एकर खोडव्याची पाळी चुकली, पुढचे पाणी मिळेपर्यंत ऐन मे महिन्यात फुटवे वाळले. त्या खोडव्याचे टनेज तोडणीच्या वेळी वजनकाट्यावर दिसले. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन पाण्याचे वेळापत्रक समजावणारे आम्ही, आमच्याच घरात हे झाले! बंधू काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून पुढच्या खेपेस आम्ही सहलीचे अंदाजपत्रक पिकासारखे केले. ते कसे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, खर्च टनांत मोजावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. उरलेल्या आकड्याने सहलीच्या रकमेला भागावे. सहा माणसांच्या सहलीला किती टन ऊस जातो, हे एकदा घरातल्या सर्वांसमोर कागदावर मांडले की हट्ट आपोआप वेळेवर येतो. आमच्या घरात हा हिशेब आठवीतल्या मुलीने केला आणि आइस्क्रीमचा आकडा तिनेच खोडला. मात्र सोसायटीच्या हप्त्यातून किंवा पुढच्या हंगामाची उचल धरून सहल करू नये. (बिल कोणत्या तारखेला निघेल, हे या लेखाच्या निमित्ताने आम्हाला विचारू नये, ही विनंती.)

दुसरी गोष्ट दिवसाची. दिवाळीच्या सुट्टीत पूर्वहंगामी लावण आणि हंगामाची सुरुवात एकदम येते. जानेवारी-फेब्रुवारीत तोड झाली तर पहिल्या पंधरवड्यात बुडखे छाटणे, पाचट सरीत दाबणे, खत देणे ही कामे असतात. त्यांना सुट्टी नाही आणि मुलांनाही नाही. राहता राहिला मे. तेव्हा चणकापूरच्या आवर्तनाची तारीख आधी पाहावी आणि आपली पाळी होऊन गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघावे. ठिबकवाल्यांनी विजेचे वेळापत्रक पाहून मोटारीची जबाबदारी शेजाऱ्यावर सोपवावी. पुढच्या आठवड्यात शेजारी जाईल, तेव्हा आपण त्याची पाहू. वार मंगळवार-बुधवार असावा. शनिवार-रविवार दर आणि गर्दी दोन्ही वाढतात.

आता कुठे जावे? जुने सभासद अजून विचारतात, "ते एस्सेल वर्ल्ड चालू आहे का?" टी. व्ही. वरच्या जाहिरातीमुळे ते नाव डोक्यात बसले आहे. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली सुरू झालेले ते पार्क २०२२ साली बंद झाले. सध्या मोठे म्हणून ज्याचे नाव घेतात ते खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका. हे २०१३ साली सुरू झाले, पुढच्या वर्षी त्याला पाण्याचे पार्क जोडले गेले. तिथले मोठमोठे झोके आणि उलटे फिरणारे रूळ कॉलेजच्या पोरांना भावतील. मनमाडहून पंचवटी एक्सप्रेसने कल्याण आणि तेथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल, हा स्वस्तातला मार्ग. पण मालेगावहून जाऊन-येऊन ही एका दिवसाची गोष्ट नाही, मुक्काम आलाच. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर आमचे मत साफ आहे : शिर्डी पुरे.

शिर्डी मनमाड-येवला-कोपरगाव मार्गे शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथे वेट एन जॉय हे पाण्याचे पार्क आहे आणि साईतीर्थ नावाचे धार्मिक विषयावरचे दुसरे पार्कही आहे. साईतीर्थात तीर्थयात्रा, द्वारकामाई, लंकादहन असे बसून पाहण्याचे खेळ असल्याने ज्यांना घसरगुंड्यांचे वय नाही त्यांची सोय होते. दर्शन होते, त्यामुळे आजीही आनंदाने पैसे काढते, हा अनुभव. फक्त गुरुवार टाळावा. त्या दिवशी शिर्डीला गर्दी उसळते, तशीच रामनवमी आणि गुरुपौर्णिमेला.

प्रवासाचा हिशेब आम्हाला सर्वांत उपयोगी पडला. एस. टी. त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. समजा घरात आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८, नवरा-बायको, मुलगा १३, मुलगी ९. आजोबा फुकट, आजी अर्धी, बायको अर्धी, मुलगी अर्धी, नवरा आणि मुलगा पूर्ण. सहा माणसांना तिकिटे साडेतीन! जीपच्या भाड्याशी याची तुलना ज्याने त्याने करावी. आधार कार्ड मात्र प्रत्येकाचे बरोबर हवे. गावातली चाळीस-पन्नास माणसे जाणार असतील तर प्रासंगिक करारावर एस. टी. मिळते, त्याचा दर आगारात विचारून दोन्ही हिशेब ताडून पाहावेत.

आणि हे आम्ही जरा कडकपणे लिहितो : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये लेकरे भरून कोणीही निघू नये. ट्रॉली उसासाठी आहे. "जवळच तर जायचं" हे वाक्य आम्ही या तालुक्यात फार ऐकले आहे.

पार्कच्या आतल्या हिशेबाला चंदनपुरीच्या जत्रेचा हिशेब लागू पडत नाही. जत्रेत पाळण्याचे वेगळे, मौत का कुवाचे वेगळे. जेवढे बसाल तेवढे द्या. पार्कात दारातच सगळे पैसे घेतात. अमेरिकेतले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी संत्र्याच्या १६० एकर बागा होत्या त्या जागेवर उघडले (बागायती जमीन विकण्याचा हा सल्ला नव्हे), तिथेही आधी खेळागणिक कुपनांचे पुस्तक असे. १९८२ साली ती पद्धत बंद होऊन एकच तिकीट आले. एकच तिकीट असले की जो दार उघडताना हजर असतो त्याचे पैसे वसूल होतात, आणि जो आमच्यासारखा साडेबाराला जातो तो अर्धा दिवस दान करतो. म्हणून आदल्या संध्याकाळी पोहोचून संस्थानच्या भक्तनिवासात मुक्काम करावा. खोलीचे आरक्षण आधी करावे. प्रसादालयात मोफत भोजन मिळते, कुपन कसे घ्यायचे ते पोहोचल्यावर विचारून घ्यावे. सकाळी पोटभर खाऊन आत जावे आणि आत एकच जेवण धरावे.

तिकीट आधीच काढले तर सवलत असते का, विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर काही कमी होते का, हे फोन करून विचारण्यात कमीपणा नाही. आपण बेण्याचा भाव चार ठिकाणी विचारतोच. मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीवर खूण करून मोजावी. कपडे मालेगावात विकत घ्यावेत. नायलॉनचे पूर्ण बाह्यांचे, पायापर्यंतचे बायकांचे कपडेही मिळतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतात. हृदयविकार असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी मोठ्या घसरगुंड्यांवर जाऊ नये. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. उन्हाचा तडाखा मालेगावच्या माणसाला सांगायला नको, तरी टोपी आणि पाणी विसरू नये. पाण्यात असताना तहान कळत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही याच पद्धतीने गेलो. बुधवार होता. बंधूंची पाळी सोमवारी झाली होती, मोटार शेजाऱ्याने पाहिली. खर्च अंदाजापेक्षा थोडा वाढला, कारण पोरांनी मक्याची कणसे खाल्ली आणि आम्हीही. पिशव्या लॉकरमध्ये ठेवल्या. ते पैसे आम्हाला जड वाटले नाहीत. वहिनींनी निळ्या रंगाचा पूर्ण अंगाचा पोशाख आधीच आणला होता. पहिला तासभर त्या गुडघाभर पाण्यात कठडा धरून उभ्या होत्या. दुपारी लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला तेव्हा कठडा सोडून बायकांच्या घोळक्यात गेल्या आणि पहिल्या लाटेला अशा ओरडल्या की बंधू घाबरून उभेच राहिले. संध्याकाळी बाहेर पडायची वेळ झाली तरी त्या निघेनात, नातवाने हात धरून काढले.

आमच्या गटातील सात कुटुंबांनी येत्या मे महिन्यासाठी नावे दिली आहेत. आवर्तनाची तारीख कळाली की निघण्याचा दिवस गट ऑफिसच्या फळ्यावर लिहू. ज्यांना यायचे असेल त्यांनी घरातल्या माणसांची वये आणि मुलांची उंची स्लिप बॉयकडे लिहून द्यावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते